निरोगी झाडाचा नवा जीन

डीएनएची चार अक्षरं एकदा माझ्या कॉम्प्युटरमधी आली, का मग त्यायले माझ्यापासून काही लपवता येत नाही. हे मी आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत सगळ्यायले सांगून ठेवलं होतं. सोमवारी माझ्या नोकरीच्या मुदतवाढीची मीटिंग होती, म्हणून जरा जास्तच सांगितलं.

काटोलकडं शालिकरामभाऊंच्या बागेत संत्र्याची सारी झाडं रोगानं वाळून राहिली होती अन् मधोमध एकच झाड हिरवंगार. रोगी झाडांची पानं माझ्या ज्युनिअरनं, अबोलीनं, तोडली. त्या मानाच्या झाडाचं पान मात्र मी स्वतः तोडलं.

प्रोग्रामही माझाच. पानातला डीएनए संत्र्याच्या डीएनएशी ताडायचा, जुळलं नाही ते बाजूले काढायचं. रोगी झाडांत काहीच निघालं नाही. माझ्या पानात ढीगभर निघालं. झाडाले वाचवणारा नवा जीन!

"सर, बाकीच्या वनस्पतींशी पण ताडून पाहू का?" अबोलीनं विचारलं.

"काहून वं? संत्र्याच्या पानात संत्र्याशिवाय काय राहीन?"

मी आमच्या प्रमुखांना, विश्वनाथ सरांना सांगितलं. त्यांनी संचालकांना सांगितलं. शालिकरामभाऊंनी तर नारळ फोडून झाडाले हार घातला.

सोमवारी मीटिंगमधी बाहेरून आलेल्या प्रमोदिनी मॅडमनं नेमका अबोलीचाच प्रश्न विचारला.

"आत्ता दाखवतो," म्हणत मी ऐटीत बटण दाबलं.

पडद्यावर पहिली ओळ आली. हरभरा, जुळणी शंभर टक्के.

"पाहा मॅडम! हरभऱ्याचा जीन संत्र्यात, जगात पहिल्यांदा!"

दुसरी ओळ मोहरी. मग कांदा. मग हळद. मग तांदूळ. मुदतवाढ डोळ्यासमोरून चालली होती.

विश्वनाथ सरांनी चष्मा काढला. "बागेत जायच्या आधी काय खाल्लं होतं गा?"

"तर्री पोहे, सर. हरभऱ्याच्या झणझणीत रश्श्यातले."

"हात धुतले?"

"पँटले पुसले."

"अन् हातमोजे?"

"ते अबोलीनं घातले होते."

मॅडमनं पुन्हा एकदा पडद्याकडं पाहिलं. "प्रोग्राम मात्र पक्का आहे हो. फोडणीसकट सगळं ओळखलं."

त्या एका वाक्यावर मले सहा महिने मिळाले. आता बागेतून पानं अबोली आणते. येताना सगळ्यांसाठी पोहे मी आणतो.