न थांबणाऱ्या ड्रायरवरील मोहिमेची हकीकत

बाईसाहेबांची आज्ञा जाहली, की सोमवारी सकाळी घरातील ड्रायर, म्हणजे कपडे सुकविण्याचे यंत्र, बेलगाम जाहले ते कोणे प्रकारे काबूत आले याची हकीकत पदरचे न घालता आणि कोणाची भीड न धरता लिहावी. त्यावरून लिहिले आहे. भीड थोडी धरिली आहे, कारण जावईबापू घरातच असतात.

बाईसाहेब इस्पितळाच्या रक्ततपासणी खात्यात बारा वर्षे चाकरीस होत्या, त्यांस खात्याची सरदारी मिळाली आणि सोमवारी दहा वाजता कारभार हाती घ्यावयाचे ठरले. त्याकरिता नवा पांढरा कोट आणविला, तो करकरीत, मानेस टोचो लागला, म्हणोन सकाळी सातास धुवून ड्रायरात घातला. जुन्या कोटांवर औषधांचे डाग, ते घालोन पहिल्या दिवशी हाताखालच्या मंडळींसमोर उभे राहणे बाईसाहेबांच्या जिवावर आले. तेव्हा साडेनवाच्या आत हा कोट अंगावर चढणे, एवढाच मुद्दा.

त्यांचे यजमान घड्याळदुरुस्तीचे कारागीर. सासूबाई, म्हणजे बाईसाहेबांच्या मातोश्री, घरी राहतात आणि त्यांस बापू म्हणतात, त्यावरून जावईबापू हेच नाव पडले. वीस-वीस वर्षे मेलेली घड्याळे चालती करावी ऐसी त्यांची ख्याती. चालते यंत्र बंद करण्याचा प्रसंग मात्र कधी आला नव्हता. ड्रायर घरी आला ते दिवशीच त्यांनी फर्मान काढिले, की घंटा वाजल्याखेरीज एकही वस्त्र बाहेर काढू नये, आणि ते कागदावर लिहून यंत्राच्या कपाळी डकविले. आणखी प्रतिज्ञा केली, की आपण हयात असता या घरात मेकॅनिकाचे पाऊल पडणार नाही.

या यंत्राची तऱ्हा ऐसी, की पोटातील ओल स्वतःच चाचपून किती मिनिटे फिरावे ते ठरवावे. आठ वाजता यंत्राने पाच मिनिटे बाकी दाखविली, आणि जावईबापू चहा घेऊन येतात तो पंचवीस. पुन्हा पाचावर आले आणि जावईबापू दाढी करून येतात तो अठ्ठावीस. मग दार उघडून कोटास हात लाविला तो कोट गरम आणि ओला, दोन्ही. हे पाहोन जावईबापू बहुत चक्रावले आणि त्यांनी मोहीम पुकारिली.

प्रथम जाळीवर चाल केली. तीत अडकलेला कापसाचा पुंजका कैद करून मोरीवर नेला आणि जाळी ब्रशाने घासली, परंतु परत येतात तो मिनिटे चढलेली. मग मागील नळीस वेढा घातला, ती उपसून गच्चीवर नेऊन झटकिली, आणि परत येतात तो मिनिटे चढलेली. मग ओल चाचपणाऱ्या दोन पट्ट्या पुसण्यास सिरका आणावा म्हणोन स्वयंपाकघरात गेले, तेथे सासूबाई पाण्याची वाटी घेऊन उभ्या, त्यांनी अदबीने वाट दिली. पट्ट्या आरशासारख्या लखलखीत जाहल्या. गनीम ढिम्म. नऊ वाजले, आणि बाईसाहेबांकडून निरोप आला की मेकॅनिकास फोन करिता की मी करू.

हे शब्द जावईबापूंस फार लागले. त्यांनी डोळ्यास घड्याळे पाहण्याचे भिंग लाविले आणि कपड्यांच्या टोपलीमागे दबा धरून बसले. गुडघा कुरकुरला, तो दाबून धरिला. यंत्र पाचावर आले तोच सासूबाई वाटी घेऊन आल्या, दार उघडिले, पाच बोटे बुडवून कोटावर चांगले सढळ हाताने पाणी शिंपडिले, दार लाविले आणि बटण दाबून शांतपणे परत निघाल्या.

जावईबापू टोपलीसह उभे राहिले.

"आई, हे काय करताय?"

"इस्त्रीची तयारी," सासूबाई म्हणाल्या. "घंटेनंतर कापड कोरडं ठणठणीत होतं, घडी बसत नाही. रोज मागनं शिंपडते. आज घाई, म्हणून आधीच शिंपडून ठेवतेय. पण हे मेलं थांबतच नाही बापू, आणि तुमचा तो कागद, आधी काढू देत नाही. पोरीचा पहिला दिवस आहे हो. कॉलर तरी माझ्या हातची असू दे. हे यंत्र आल्यापासून दुसरं काय उरलंय मला?"

जावईबापूंस फार ओशाळवाणे वाटले. सगळे यंत्र खोलून पाहिले आणि घरातल्या माणसास एक शब्द विचारिला नाही, हे मनास लागले. त्यांनी यंत्राच्या कपाळावरचा कागद स्वहस्ते उपटिला आणि घंटेची वाट न पाहता ओलसर कोट सासूबाईंच्या हवाली केला. इस्त्री तापली, वाफ उठली, आणि कॉलर ऐसी बसली की जावईबापूंनी भिंगातून पाहिली तरी सुरकुती सापडेना. नऊ वाजून सत्तावीस मिनिटांनी कोट बाईसाहेबांच्या अंगावर चढला. तिकडे सवयीने बटण दाबलेल्या रिकाम्या ड्रायराने पोटात ओल सापडेना म्हणोन आपणहून घंटा दिली आणि हत्यार टाकिले.

बाईसाहेबांनी पुसिले, की बिघाड कोणी काढला. सासूबाई वाटी पदराआड करून म्हणाल्या, "बापूंनी. सकाळपासून राबतायत."

बाईसाहेब गेल्यावर मात्र जावईबापूंनी दुसरा कागद घेतला आणि सुवाच्य अक्षरात नवे फर्मान लिहून यंत्राच्या कपाळी डकविले, ते आजतागायत तेथे आहे: कपडे कधी काढावे, हे आईंना विचारावे. येणेप्रमाणे फत्ते जाहली.