वाटेत मारलेलं प्यादं

चष्मेवाले आपल्याच दुकानात स्टुलावरून पडले, मांडीचं हाड मोडून घेतलं आणि सक्तीने अंथरुणाला खिळले. लेकीने फोनमध्ये बुद्धिबळाचा गेम टाकून दिला. त्यात घोडे चक्क खिंकाळत, हत्ती पडला की धूळ उडे. बायकोला हायसं वाटलं. निदान दिवसभर तिच्या कामात चुका काढणं तरी थांबेल.

चौथ्या दिवशी ते असे किंचाळले, की तिला वाटलं दुसरी मांडीही गेली.

"चोर आहे हा गेम! माझं प्यादं दोन घरं पुढे जाऊन याच्या प्याद्याशेजारी उभं राहिलं. याचं प्यादं तिरपं सरकून माझ्या प्याद्यामागच्या रिकाम्या घरात गेलं, आणि माझं गायब! असं कुठे असतं का?"

"अहो," बायको हळूच म्हणाली, "दाजींनी हेच केलं होतं ना?"

अकरा वर्षांपूर्वी याच चालीवरून चष्मेवाल्यांनी थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, दाजींना, "लबाड" म्हणून घराबाहेर काढलं होतं. नवऱ्यामागून ताईही निघून गेली. तेव्हापासून येणंजाणं बंद. आई गेली त्या दिवशीसुद्धा भाऊबहीण दोन भिंतींना टेकून उभे होते.

"फोन बिघडलाय," चष्मेवाल्यांनी निकाल दिला.

मोबाइल दुरुस्त करणारी मुलगी घरी आली. तिने फोन उघडला नाही, नुसतं गेममधलं नियमांचं पान उघडलं.

"काका, फोन ठणठणीत आहे. प्यादं दोन घरं उडी मारून निसटायला लागलं, तर त्याला असं वाटेत मारता येतं. फार जुना नियम आहे."

"किती जुना?"

"शेकडो वर्षं. तुम्हाला आज कळला?"

पाय टेकता यायला लागल्यावर वॉकर घेऊन चष्मेवाले टॅक्सीत बसले. ताईच्या दाराला कुलूप होतं.

"त्यांचे मिस्टर हॉस्पिटलात आहेत, दोन महिने झाले," शेजारीण म्हणाली. "तुम्ही कोण त्यांचे?"

"मेहुणा," ते म्हणाले. हा शब्द उच्चारायची सवयच गेली होती.

हॉस्पिटलच्या खाटेवर दाजी इतके वाळले होते, की चष्मा नाकावर ठरत नव्हता. चष्मेवाल्यांनी तो काढला, अंगठ्याने काड्या वाकवल्या आणि परत बसवला. मग फोन पुढे धरला. "दाजी, माझं चुकलं. चाल नियमात होती. तुम्ही बरोबर होतात."

दाजींनी ते पान दोनदा वाचलं. "असा नियम आहे?"

"म्हणजे? तुम्हाला ठाऊक नव्हता?"

"छे रे! मी हरत होतो, म्हणून लबाडी केली. म्हटलं, तू आरडाओरडा करशील, मग प्यादं परत ठेवू. तू थेट दारच दाखवलंस. मग कुठल्या तोंडाने सांगणार?"

चष्मेवाल्यांना चिडायचं होतं, पण नेमकं कशावर ते ठरेना. "म्हणजे तुम्ही लबाड, पण लबाडी बरोबर?"

"तसंच काहीतरी."

आधी दाजींचे खांदे हलले, मग चष्मेवाल्यांचे. दोघे इतके हसले, की उशाशी ठेवलेलं यंत्र टीं टीं करू लागलं आणि नर्स धावत आली.

खिडकीपाशी फळ सोलत बसलेली ताई मात्र हसली नाही. तिने सुरी खाली ठेवली आणि ती नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही शपथेवर सांगितलंत, चाल सरळ होती. मी सख्ख्या भावाला तोडलं. आईच्या आजारपणात याच्या शेजारी बसले नाही." तिने सोललेलं फळ बाजूला सारलं. "आजपासून तुमचं माझं बोलणं बंद."

ती उठली आणि भावाशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. दाजी भिंतीकडे बघत राहिले. चष्मेवाल्यांनी ताईचा हात धरून ठेवला.

डॉक्टरांनी दाजींचे फार तर पंधरा दिवस उरलेत असं सांगितलं होतं, ते ताईलाही माहीत होतं. त्यातला दीड तास तिने अबोल्यात काढला. मग गोळ्यांची वेळ झाली, आणि तिला "तोंड उघडा" म्हणावंच लागलं.