शिंगाच्या तोंडात पागोटं

शिवलिंगअप्पा तांबट नवा माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी त्याच्या तोंडाचा घेर बघत. मला बघून म्हणाले, "तोंड बारीक. आवाज अंगणातच पडंल तुझा. पण कान मोठं हायत. ऱ्हा."

म्हणून राहिलो. शाळा चौथीत सुटली आणि मी माकणीहून इतक्या लांब, परंडा तालुक्यातल्या सीनेकाठच्या गावी, किराणा दुकानात कामाला आलो. ओळखीचं कुणी नाही. अप्पांनी भट्टीजवळ अंथरूण दिलं, ताटात भाकरी दिली. रोज सकाळी मला वाटे, आज 'जा' म्हणतील. कधी म्हणाले नाहीत.

हंडे-घागरी घडवून उरलेल्या वेळात अप्पा पितळेचं शिंग घडवत. सगळ्यांत मोठ्या आवाजाचं. आधी त्यांनी नळी लांबवली. आवाज बैलासारखा खोल झाला, मोठा नाही. मग नळीच्या टोकाला अख्खी परात डाख देऊन जोडली आणि गाव गोळा करून फुंकलं. शिंग नुसतं फुसफुसलं.

"अप्पा, म्हैस शिंकली काय?" पाटलांनी ओरडून विचारलं.

अप्पा म्हणाले, "एकदम फाकवलं की वारं गोंधळतं. हळूहळू फाकवाय पायजे. धोतऱ्याच्या फुलावानी."

पुढचं शिंग धोतऱ्याच्या फुलासारखं झालं आणि शेजारच्या म्हशीनं पान्हा चोरला. पाटील पुन्हा आले. "अवो, त्येचं तोंड तेवढं नदीकडं करा!"

"नदीकडंच हाय. तुमी ऐकताय ते मागचं, उरलंसुरलं."

अप्पा नदीकडं का फुंकत, हे मला राहिल्यावर कळलं. निजामाचा मुलूख नदीपाशी संपे. पलीकडच्या गावात त्यांची एकुलती लेक, गंगू. रझाकारांच्या धामधुमीत येणं-जाणं बंद झालं आणि पहिलं बाळंतपण असून ती माहेरी येऊ शकली नाही. शेवटच्या भेटीत दोघांचं ठरलं होतं : उजाडताना अप्पांनी शिंग फुंकायचं, तिनं माळवदावर चढून रुखवतातलं घंगाळ वाजवायचं.

पण जन्मभर तांबं ठोकून अप्पांचे कान गेलेले. माणसाच्या तोंडाकडं बघायची सवय त्यातलीच. मोठ्या कानांचा बिऱ्हाडकरू त्यांना हवा होता तो यासाठी.

शिंग फुंकून झालं की ते माझ्या ओठांकडं बघत. "वाजलं?"

"व्हय."

"जोरात का हळू?"

"जोरात."

"मग बरी हाय." आणि खुशाल दात घासायला जात.

मग एका सकाळी घंगाळ वाजलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. "वारं उलटं असंल," मी म्हणालो.

"वारं तिकडनंच येतंय. नाकाला लागतंय की."

अप्पांचं जेवण सुटलं. दिवसभर शिंगाचं तोंड ठोकून ठोकून आणखी फाकवत राहिले. उजाडायची मला धास्ती वाटू लागली.

अखेर एका सकाळी पलीकडून ऐकू आलं. दबकं, चिंधी गुंडाळलेल्या काठीनं वाजवावं तसं.

"वाजलं!"

"जोरात?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण अप्पांची नजर ओठांवर होती. "हळू. लई हळू."

अप्पा मटकन खाली बसले. मी पाणी आणायला वळलो, तर मागून आवाज आला, "आरं, हळूच वाजवंल की ती. माळवदाखाली लेकरू निजलं असंल."

उठले. डोक्याचं पागोटं सोडलं, वर्षभर फाकवलेल्या त्या तोंडात सगळंच्या सगळं कोंबलं आणि गाल फुगवून फुंकलं. आवाज नदीच्या अलीकडच्या काठापर्यंतसुद्धा गेला नाही.

"आता बास," अप्पा कुजबुजले. "उठंल ते."