हळू, दही लागतंय

बापूराव साठे गाडी चालवताना हॉर्न वाजवत नसत. हॉर्नने दही दचकतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट धरून हसलो. तेव्हा मी हॅनोव्हरला नवा होतो, लग्न त्याहून नवं होतं, आणि दुसऱ्याच्या खुळाला हसायचं वय होतं. आता माझी खुळं सांगून घरातली मंडळी हसतात, तो भाग वेगळा.

बापूराव आमच्याच कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे. लढाईनंतर शहर अजून विटांच्या ढिगाऱ्यांत उभं होतं तेव्हा ते मिरजेहून इथे आले आणि राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या मराठीत जर्मन शब्द घरजावयासारखे येऊन बसले होते. आमच्याकडे जेवायला आले की हिला म्हणायचे, "आल्झो वहिनी, आमटी गेनाऊ जमलीय." आल्झो म्हणजे तर मग, गेनाऊ म्हणजे अगदी बरोब्बर. पुढे प्रवासात मी नकाशात चुकलो तरी तेच म्हणायचे, "गेनाऊ, कुलकर्णी. आता उलटं जाऊ."

मात्र जेवण कितीही रंगात आलं तरी दूध तापवून कोमट करायची वेळ झाली की बापूराव उठत. दूध विरजायचं असे. एकदा साहेबाच्या घरच्या मेजवानीतून ते केक यायच्या आधी उठून आले. साहेबाच्या बायकोने दुसऱ्या दिवशी मला दबक्या आवाजात विचारलं, हेर साठेंच्या घरी कुणी आजारी आहे का? मी म्हणालो, नाही, दही आहे. तिने माझ्याकडेही तशाच काळजीने पाहिलं.

रोज विरजायचं असल्यामुळे बापूराव कधी कुठे गेलेच नव्हते. लोक सुट्टीत इटलीला जात, हे जिन्यात उभे राहून त्यांना टाटा करत. हॉटेलात संध्याकाळी कोमट दूध कोण देणार? आणि शेजारणीकडे विरजण सांभाळायला द्यावं तर ती त्यावर साखर घालून खाईल, ही धास्ती.

मग एका बेकरीवाल्याने धंदा बंद केला आणि बापूरावांनी त्याची पावाची गाडी विकत घेतली. हिवाळाभर अंगणात ठाकठोक केली. झोपायला दोन फळ्या, रॉकेलचा स्टोव्ह, भांड्यांची मांडणी, आणि ड्रायव्हरच्या पाठीशी एक लाकडी पेटी. पेटीत गवत, गवतावर लाल लोकरी मफलर, मफलरात दह्याची बरणी. आमच्या फळ्यांना गादी नव्हती, बरणीला होती. गाडीच्या अंगावर रंगवलेला मोठा पाव मात्र त्यांनी तसाच ठेवला. "कशाला पुसायचा?" म्हणाले. "पोटापाण्याचं चित्र आहे."

"वहिनी, चला, फ्रान्स पाहून येऊ," त्यांनी आम्हाला बोलावलं. "तुम्ही दोघं गाडीत झोपा, मी तंबूत. कुलकर्णी नकाशा धरतील."

मी नकाशा धरला, त्यामुळे आम्ही ठरवलेलं एकही गाव लागलं नाही. पण बापूरावांच्या वेगाने चुकायलाही वेळ लागे. सीमा ओलांडली तेव्हापासून ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून जात होते. एका पाद्र्याने सायकलवरून आम्हाला ओलांडलं आणि ओलांडताना अदबीने टोपी उचलली. मागून कुणी हॉर्न वाजवला की बापूराव खिडकीतून हात काढून शांतपणे मराठीत सांगत, "हळू, दही लागतंय." फ्रेंच येत नसेल तर मराठीच बोलावं, म्हणजे हातवारे आपोआप बरोबर होतात, असा त्यांचा सिद्धांत होता.

रोज सकाळी निघताना ते आम्हाला ओळीने उभं करत आणि प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर दही घालत.

"भाऊजी," ही म्हणाली, "दही हातावर घालतात ते घरातून निघताना. हे तर कुणाचं तरी शेत आहे."

"रात्री अंग टाकलं ना इथे? मग घरच." आणि ती तळहात चाटेपर्यंत ते इंजिन सुरू करत नसत.

अशाच एका शेताकडेला संध्याकाळी आम्ही थांबलो असताना एक म्हातारी टोपली घेऊन आली. गाडीवरचं चित्र पाहून तिला वाटलं होतं, पाववाला आला. जवळ आल्यावर तिला जर्मन नंबरप्लेट दिसली आणि तिचा चेहरा मिटला. त्या भागात त्या काळी ते नवल नव्हतं. मग तिने आमचे चेहरे पाहिले, हिची साडी पाहिली, आणि काय करावं ते न कळून उभीच राहिली.

रिकामी टोपली पाहून बापूराव कासावीस झाले. त्यांनी तिला फळकुटावर बसवलं, आमच्यातलाच पाव कापून दिला आणि वर दह्याची वाटी. म्हातारीने एक घास घेतला. दुसरा घेतला. मग तिने बरणीकडे, मग आपल्या घराकडे, मग तिथे बांधलेल्या गाईकडे बोट केलं. तिला विरजण हवं होतं. जगातली कुठलीही गवळण हे इतकंच बोलते.

बापूरावांनी कानाला हात लावला. "आता नाही, आजी. दिवेलागण झाली. या वेळी विरजण घराबाहेर जात नाही. सकाळी." आणि ढगाआड बुडणाऱ्या सूर्याकडे बोट दाखवून उद्याचा सूर्य वर काढला. हातवाऱ्यांचा तो सिद्धांत खरा असावा, कारण म्हातारी मान डोलावून गेली. सकाळी बापूराव आंघोळ करून, स्टीलची वाटी भरून, दोन्ही हातांनी धरून तिच्या दारात गेले. लग्नाचं आमंत्रण द्यायला गेल्यासारखे.

दोन-तीन मुक्काम पुढे गेल्यावर ते झालं. दिवस उकाड्याचा होता. पेटीत कोंदट होतंय म्हणून बापूरावांनीच बरणी काढून खिडकीशी मांडणीवर ठेवली होती. उतारावर कुंपणातून एक बदक निघालं, मागे त्याची पिल्लं. सगळा जन्म ब्रेक जपून लावणाऱ्या माणसाने सगळं अंग टाकून ब्रेक दाबला.

पिल्लं पलीकडे गेली. आत बरणीचे तुकडे झाले होते, आणि डबा उलटून रॉकेल दह्यात मिसळलं होतं.

हिने चमच्याने कडेचं थोडं उचलून हुंगलं आणि चमचा खाली ठेवला. मी आपला शहाणपणाने म्हणालो, "बापूराव, पुढच्या गावात दुकानातलं दही मिळेल. इथे काय, दह्याला तोटा आहे?"

त्यांनी खाली बसून गाडीचा तळ पुसला. तुकडे वेचून मफलरात बांधले. मग म्हणाले, "कुलकर्णी, त्या आजीचं गाव सापडेल का?"

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा नकाशा नीट वाचला.

न चुकता गेल्यावर ते गाव जवळच निघालं; पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हातारीच्या खिडकीत दिवा दिसत होता. "जाऊन मागा ना भाऊजी," ही म्हणाली.

"दिवेलागणीला?" बापूराव गाडीच्या पायरीवर बसले. "मी तिला त्या वेळी दिलं नाही. आता मागू कसा?"

आम्ही त्यांच्याजवळ गवतात बसलो. त्यांच्या मांडीवर मफलरची ती गाठोडी होती. ते हिच्याकडेच पाहत बोलले.

"आमची मंडळी बोटीने आली ना मिरजेहून, तेव्हा दह्यात फडकं बुडवून, वाळवून, ट्रंकेत घालून आणलं होतं तिने. इथे आल्या आल्या आधी दूध मागितलं. मी म्हटलं, अगं, आधी बर्फ तरी बघ. तर म्हणे, बर्फ कुठे पळतोय." ते थोडं हसले. "गारठ्यात दही लागेना. मग रात्रभर शेगडीजवळ ठेवायची, हा मफलर गुंडाळून. दुसऱ्या हिवाळ्यात तिच्या छातीत कफ धरला. हॉस्पिटलात न्यायला गाडी दारात आली, तरी ही दूध विरजतेय. म्हटलं, आत्ता? तर म्हणे, उद्या सकाळी येऊच की परत."

म्हातारीच्या गोठ्यात गाय हंबरली.

"मी एकटाच आलो परत," बापूराव म्हणाले. "आणि वहिनी, दही लागलेलं होतं. इतकं छान कधी लागलं नव्हतं. खाववेना आणि टाकवेना. मग चमचाभर बाजूला काढलं आणि दूध तापवलं."

पुढचं सांगायला काही उरलं नव्हतं. तेच आजवर चाललं होतं.

सकाळी ते आंघोळ करून दारात गेले. आम्ही मागे. म्हातारीने दार उघडलं, आम्हाला पाहून तिला खरंच आनंद झाला. बापूरावांनी हाताची वाटी करून दाखवली. तिला लगेच समजलं. आत गेली आणि आमची वाटी घेऊन आली. घासून लख्ख केलेली, आणि काठापर्यंत लाल चेरींनी भरलेली. मग तिने पोटावरून हात फिरवला, डोळे मिटले, बोटं ओठांना लावली. दही तिने खाल्लं होतं. सगळं. गाईकडे बोट केलं होतं ते बहुधा आमच्या गाईची चौकशी म्हणून.

मी बापूरावांकडे पाहू शकलो नाही. पण त्यांनी दोन्ही हात पुढे करून वाटी घेतली, कपाळाला लावली आणि तिला वाकून नमस्कार केला. म्हातारीने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. ती एकटीच राहत होती, हे एव्हाना आमच्या लक्षात आलं होतं.

गाडीशी आल्यावर ते म्हणाले, "रिकामी नाही दिली हो वाटी. आमच्या हिला बरं वाटलं असतं."

निघायची वेळ झाली. सवयीने हिने तळहात पुढे केला, आणि केल्यावर तिची तीच गोरीमोरी झाली. हात मागे घ्यायचंही तिला सुचेना. बापूरावांनी वाटीतली एक चेरी उचलून त्या हातावर ठेवली. मग माझ्या. आम्ही खाईपर्यंत थांबले आणि मगच इंजिन सुरू केलं.

पेटी रिकामी होती. रस्ता सरळ होता, दुतर्फा झाडं, समोर कुणी नाही. आता पळवायला हरकत नव्हती. पण गाडी कालच्यासारखीच रांगत होती, आणि खड्डा आला की बापूरावांचा एक हात आपसूक मागे पेटीवर जात होता. थोड्याच वेळात एक ट्रक मागे येऊन लागला आणि हॉर्न वाजवू लागला. बापूराव समोर पाहत राहिले. खिडकीतून हात काही बाहेर गेला नाही.

ट्रकवाल्याने पुन्हा हॉर्न दाबला. तेव्हा हिने आपल्या बाजूची काच खाली केली, पदर सावरून डोकं बाहेर काढलं आणि त्याला म्हणाली, "अहो, हळू. दही लागतंय."