परबकाकांचं नख

आमच्या घोडपदेवच्या चाळीत दत्ताराम परबांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला जेवढा मान होता तेवढा सेक्रेटरीला नव्हता. माझ्या शेजारच्याच खोलीत हे नख राहायचं. बाकीची नऊ नखं कशीही वाढोत, पण हे एक काका कानशीने घासून, तेल लावून जपायचे. पाच पैशाच्या नाण्याएवढं होतं म्हणा. बरं, थोडं कमी असेल.

काका रे रोडच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तिथे नेमबाजीच्या स्पर्धेतली छर्‍याची पिस्तुलं बनायची. काकांच्या टेबलावर यायची ती फक्त फ्रेम, म्हणजे पिस्तुलाचा मूळ सांगाडा. नळी, घोडा, मूठ सगळं नंतर तिच्यावर बसतं. काका ती ट्यूबलाइटखाली तिरकी धरायचे. कुठे चरा, काळ्या रंगात ढग, ओतकामाचा खड्डा दिसला की त्यावरून हळूच नख फिरवायचे आणि स्वतःलाच विचारायचे, "नखाक लागता?" नाही लागलं तर पास. लागलं तर लाल खडूची फुली.

एकदा चाळीस फ्रेमना केसाएवढी रेघ निघाली, तीही मुठीच्या कव्हराखाली. मालक हात जोडून म्हणाले, "परब, छरा सरळ जातो. रेघ कव्हराखाली झाकली जाणार. कुणाला कळणार?"

"झाकली म्हणून काय झाला?" काका म्हणाले. "माका म्हायत आसा मा?"

चाळीस फुल्या.

रिटायर झाल्यावर अख्खी चाळ तपासणीला आली. माझ्या नव्या फ्रिजला नख लावून काकांनी असे तीन दोष काढले, की बायको आठवडाभर फ्रिजशी बोलली नाही. लालबागच्या कारखान्यात गणपती ठरवायला काका निघाले की मूर्तिकार रंगाच्या बादल्या सोडून मूर्तींवर ताडपत्री ओढायचा. एका वर्षी त्याला उशीर झाला. तो "नख लावू नका, रंग ओला आहे!" म्हणून ओरडेपर्यंत काकांचं नख सोंडेवरून फिरलंसुद्धा. सोंडेवर बारीक चरा उठला. काका वाकले, निरखून पाहिलं आणि म्हणाले, "सोंडेर चरो आसा. दुसरी दाखय."

हे सांगताना मी अजून हसतो. पुढचं सांगताना पूर्वी हसायचो.

काकू गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी प्रशांतने, म्हणजे काकांच्या एकुलत्या एका मुलाने, स्नेहाला घरी आणलं. घरात बाईमाणूस नाही म्हणून आम्ही नवराबायको मदतीला होतो. काकांनी पहाटे उठून स्वतः घावणे घातले होते. मुलगी बोलकी, हसरी. लहानपणी तेल सांडून तिचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. तो ती ओढणीखाली ठेवून बसली होती. काकांना चहाचा कप द्यायला तिने हात पुढे केला, ओढणी सरकली, आणि काकांचा अंगठा त्या डागावरून फिरला.

"नखाक लागता," काका म्हणाले.

वाईट मनात नव्हतं हो. पस्तीस वर्षांची सवय बोलली. पण स्नेहाने कप खाली ठेवला, ओढणी ओढून घेतली आणि उठली. तिच्या मागोमाग प्रशांत गेला. दोघांनी नोंदणी लग्न केलं आणि नायगावला खोली घेतली. त्याला आता सहा वर्षं झाली. इथून नायगाव बसने वीस मिनिटं.

मी काय केलं? नाक्यावर गोष्ट सांगितली. सांगताना काकांच्या हातात भिंग दिलं. चार दिवसांनी त्याच गोष्टीत त्यांच्या खिशातून लाल खडूही काढला. माणसं पोट धरून हसली. गोष्ट वीस मिनिटांत नायगावला पोहोचली असणार. पुढे प्रशांत बाजारात भेटला तेव्हा म्हणाला, "दादा, भिंग मला कसं दिसलं नाही हो? स्नेहाला वाटतं, ती उठल्यावर बाबांनी ते काढलं आणि मी लपवतो."

मी काकांची माफी मागायला गेलो.

"सांगू दे रे," ते म्हणाले. "भिंग नाय होता. नख तर होता मा?"

यंदा गणपती ठरवायला मी काकांबरोबर होतो. मूर्तिकाराने सवयीने ताडपत्री धरली. काका पहिल्याच मूर्तीसमोर थांबले, लांबून हात जोडले, "हीच" म्हणाले. दोन मिनिटांत काम! त्या जोडलेल्या हातांकडे माझं लक्ष गेलं. अंगठ्याचं नख पार मुळापर्यंत कापलेलं, इतकं की कडेला रक्त सुकलं होतं.

चतुर्थीला प्रशांत आला. काकांनी त्याच्या खांद्यावरून गॅलरीत पाहिलं.

"ती?"

"ड्युटी आहे, बाबा."

काकांनी अंगठा पुढे केला, शाळेत बाई नखं तपासायच्या तेव्हा आपण करायचो तसा. "तिका सांग," म्हणाले.

प्रशांत त्या अंगठ्याकडे बघत राहिला. "दादांचं भिंग खोटं होतं," मी मधेच म्हणालो. माझंच नाव मी असं लांबून घेतलं. प्रशांतने मान हलवली, मोदक डब्यात घेतले आणि गेला. किती घेतले ते मी बघितलं नाही. काकांनी बघितलं असेल.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी काका नेलकटर घेऊन गॅलरीत बसतात, जिन्याकडे तोंड करून. कापायला काही उरलेलं नसतं. तरी अंगठा उजेडात तिरका धरून बघतात, कुठे काही वाढलं तर नाही ना.