वकीलसाहेबांनी खाल्लेलं बिस्किट

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली तेव्हा आत दोघंच होते: वकीलसाहेब, आणि मीटिंगआधी ज्याचं तोंडही बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, तो गुंतवणूक कंपनीचा मॅनेजर.

वकीलसाहेबांची सारी हयात मोठमोठ्या निधींना गुंतवणुकीच्या करारांवर सल्ला देण्यात गेली. आजचा निधी इस्पितळातल्या कामगारांच्या पेन्शनचा. तो सांभाळायला या मॅनेजरच्या कंपनीकडे द्यायचा होता, पण एका कलमावर घोडं अडलं होतं. काम पसंत पडलं नाही, तर विश्वस्तांनी कंपनीला केव्हाही घरी बसवावं, असं ते कलम. मॅनेजर काही केल्या ऐकेना. ‘जाऊ द्या, कलम सोडून द्या,’ असं विश्वस्तांना आज सांगायचं, हे वकीलसाहेबांनी जड मनानं ठरवून टाकलं होतं.

लिफ्ट हलेना. वकीलसाहेबांना मधुमेह. खायची वेळ टळली, साखर उतरली, दरदरून घाम फुटला.

“साहेब, बिस्किट घ्या,” मॅनेजर म्हणाला.

“नको. समोरच्या पक्षाकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे.”

“कुणी केला असला नियम?”

“मीच.”

“मग पडा इथंच चक्कर येऊन! लोक म्हणतील, यानंच काहीतरी केलं. आ करा!”

वकीलसाहेबांनी आ केला.

थोड्या वेळानं लिफ्ट चालू झाली. वकीलसाहेबांच्या अंगात जीव आला, आणि त्यामागोमाग सचोटीही आली. मीटिंगमध्ये शिरताशिरताच त्यांनी सगळं सांगून टाकलं.

विश्वस्तांच्या अध्यक्ष होत्या एक निवृत्त नर्स. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणत. त्यांनी चष्मा लावून नियम काढला. “सल्लागारानं काही घेतलं असेल, तर त्या विषयापुरतं बाहेर बसायचं. तुम्हीच लिहिलंय हो हे!”

“अहो सिस्टर, एक साधं बिस्किट...”

“क्रीमचं होतं,” मॅनेजर म्हणाला.

“मग तर बाहेरच,” दुसरे विश्वस्त म्हणाले. ते अ‍ॅम्ब्युलन्स चालवून निवृत्त झालेले ड्रायव्हरकाका.

वकीलसाहेब बाहेर बाकावर बसले. आत ही भोळी माणसं, आणि समोर तो बोलघेवडा! तो म्हणेल त्यावर सह्या करून मोकळी होतील. न राहवून त्यांनी दाराला कान लावला.

“तर सिस्टर, सही करताय ना?” मॅनेजरचा आवाज आला.

“छे! वकील हजर नसताना सही करायची नाही, हाही नियम आहे.”

“मग बोलवा त्यांना आत.”

“अहो, बिस्किट खाल्लंय ना त्यांनी!”

“मग करायचं काय? मला विमान गाठायचंय.”

“बसा की निवांत,” ड्रायव्हरकाका म्हणाले. “माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलं का तुम्हाला?”

गुडघा झाला. मग दुसरा गुडघा झाला. मधेच सिस्टरनी मॅनेजरचं ब्लडप्रेशर तपासलं आणि “लग्न झालंय का?” असंही विचारून घेतलं. ड्रायव्हरकाका पित्ताशयाकडे वळले, तसा मॅनेजर ताडकन उठला.

“मान्य! तुमचं कलम जसंच्या तसं मान्य! आता वादच उरला नाही, सल्ला कशाचा द्यायचाय त्यांना? घ्या त्यांना आत!”

सिस्टरनी जरा विचार केला. “हे मात्र पटलं.”

त्यांनी दार उघडलं, आणि कान लावलेले वकीलसाहेब धडपडत थेट टेबलापाशी येऊन पोचले. सह्या झाल्या. मॅनेजर बॅग उचलून धावत सुटला.

“बरं साहेब,” सिस्टर म्हणाल्या, “तुमचं सांगायचं राहूनच गेलं. काय सल्ला देणार होतात आज?”

कुणी वेळ विचारली तरी आधी ‘साधारणपणे’ म्हणणारे वकीलसाहेब, सह्यांवरून नजर न हलवता ठासून म्हणाले, “हाच!”