कान दुखतोय, वजन नाही!

रावसाहेबांचा (हे टोपणनाव, साहेब होण्याचा योग अजून यायचाच होता) उजवा कान ठणकू लागला, म्हणून त्यांनी डॉक्टरांकडे जायचं ठरवलं. एवढंच. यात कुणाला शहाणपण शिकवायला जागा असेल, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही.

ठणका एक वेळ सोसला असता. पण ऐकूही येईना, आणि रावसाहेब जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर कारकून. मंगळवारी एक तरुण लाजत म्हणाला, "मुलगा झाला." यांनी 'गेला' ऐकलं, डोळ्यांत पाणी आणून त्याचा हात धरला आणि मृत्यूचा फॉर्म पुढे सरकवला. त्या बापाने ऑफिस डोक्यावर घेतलं. साहेबांनी मेमो दिला.

डॉक्टरांनी कानाकडे पाहिलंच नाही. पोटाकडे पाहिलं.

"वजन किती?"

"कान दुखतोय."

"ते कळलं हो. काट्यावर उभे राहा."

एकशे चौदा! डॉक्टरांनी आकडा इतक्या खणखणीत आवाजात वाचला, की बाहेर बाकावर बसलेल्यांनाही कळावा. मग रक्तदाबाचा पट्टा दंडाला गुंडाळला, तो फट्‌कन सुटला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. डॉक्टरांनी दंडाकडे अशा नजरेने पाहिलं, जणू पट्टा मापाचाच होता आणि दंड शिवताना चुकला होता. आणि मग रावसाहेबांना खुर्चीसारखं बाजूला ठेवून ते सोबत आलेल्या त्यांच्या बायकोशीच बोलू लागले.

"वहिनी, खाणं जास्त आहे का?"

"ऐकतच नाहीत हो हे!"

"कानच दुखतोय तर ऐकणार कसा?" रावसाहेब कडाडले.

"चिडचिड," डॉक्टर म्हणाले. "वजनामुळे होते." आणि तेही लिहून टाकलं.

चिठ्ठीत सकाळचं चालणं होतं, संध्याकाळचा उकडलेला कोबी होता, 'महिन्याने दाखवा' होतं. कानाचा 'का'सुद्धा नव्हता.

रावसाहेब महिनाभर चालले ते संतापाने. (रागावलेला माणूस भराभर चालतो.) मागून येणाऱ्या सायकलीची घंटी ऐकू न आल्याने दोनदा गटारात जाता जाता वाचले. कोबी तर असा चावला, जणू डॉक्टरांचा कान दाताखाली आलाय.

महिन्याने काटा पाहून डॉक्टर खूश. "चार किलो कमी! शाब्बास! कसं वाटतंय?"

"काय?"

"कसं वाटतंय?"

"काय?"

"कसं वा–"

इथे रावसाहेबांचा बांध फुटला. "डॉक्टर, मी जाड आहे! घरी आरसा आहे, मला माहीत आहे! गुडघा दुखला, वजन. खोकला झाला, वजन. उद्या अंगावर ट्रक आला तरी म्हणाल, बारीक असता तर चुकवला असता! वजनावर बोलायचंय ना? बोला. पण माझ्याशी बोला, हिच्याशी नाही! दार लावून बोला! आणि त्याआधी माझा कान बघा!"

बाहेरच्या बाकावरच्या सगळ्या माना दाराकडे वळल्या. डॉक्टरांनी बॅटरी घेतली, कानात डोकावलं आणि चिमट्याने एक काळाकुट्ट, द्राक्षाएवढा कापसाचा बोळा बाहेर ओढला.

त्यांचा चेहरा उतरला. ते उठले, दार लावून आले, समोर बसले.

"चुकलं माझं. पहिल्याच दिवशी बघायला हवं होतं. आता, तुमची हरकत नसेल, तर वजनाबद्दल थोडं बोलू?"

हरकत! पन्नास वर्षांत हा शब्द त्यांच्या वजनाच्या वाट्याला कधी आला नव्हता. राग ठेवायला जागाच उरली नाही. "पुढच्या खेपेला," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि पट्टा मोठा आणून ठेवा."

"ठेवतो. पण हा कापूस आत गेला कसा?"

रावसाहेबांना लख्ख आठवलं. मेहुणा आठ दिवस मुक्कामाला होता आणि रोज जेवताना त्यांच्या वजनावर तासभर बोलायचा. तेव्हा त्यांनी गुपचूप दोन्ही कानांत बोळे घातले होते. तो गेल्यावर डाव्या कानातला काढला. उजव्यातला सापडेना, तेव्हा गळून पडला असेल असं धरून चालले.

"काही कल्पना नाही," रावसाहेब म्हणाले.

घरी जाताना बायको मायेने म्हणाली, "माझ्या दादाचं मात्र तुम्ही किती शांतपणे ऐकत होता हो! म्हणून मी त्याला पुन्हा बोलावलंय. चांगला पंधरा दिवस राहणार आहे."

रावसाहेबांना शब्दन् शब्द ऐकू आला. दोन्ही कानांनी.